डिशसाठी झाड तोडू नका, डिश हलवा



आज पिकाचं लिहीत नाही. सोयाबीन शेंगा भरायलंय, हळदीला भर लावून झाली, त्यावर पुढच्या वेळी. आज झाडाचं लिहायचंय, अन् जरा रागानंच लिहायचंय. कुणाला लागलं तर लागू द्या.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी वसमतकडं जात होतो. रस्त्याच्या कडेच्या एका वस्तीवर चिंच आडवी पडलेली दिसली. वाऱ्यानं पडली म्हणावं तर बुंध्याला कटरचा गुळगुळीत काप. दोन माणसांच्या कवेत मावणार नाही असा बुंधा. गाडी थांबवून विचारलं, "काय झालं, कीड लागली होती का?" घरधनी म्हणाले, "नाही हो. नवी डिश बसवली. टीव्हीला आडवी यायलती."

मी काही बोललो नाही. बोलायला तोंड नव्हतं, कारण हेच पाप मी आठ वर्षांपूर्वी स्वतःच्या अंगणात केलंय.

आमच्या अंगणात लिंब होता. बहात्तरच्या दुष्काळानंतर पहिला बरा पावसाळा आला, तेव्हा अण्णांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, तो लावला. मी तेव्हा तीन वर्षांचा. माय सांगायची, प्यायच्या पाण्याचे वांधे होते तरी हात धुतलेलं पाणी अण्णा त्याच्या मुळाशी टाकायचे. त्या लिंबाखाली आमच्या घरचे बैल बसले, दोन बहिणींच्या लग्नाचा मांडव पडला, अण्णांना शेवटचं आणून ठेवलं तेही तिथंच.

2017 साली जुना टीव्ही बदलला अन् फ्री डिश घेतली. महिन्याचं बिल नाही, मायला सह्याद्री बघता येईल, मला डीडी किसान. बसवायला तालुक्याहून एक पोरगा आला. गच्चीवर डिश ठोकली, तासभर फिरवली, टीव्हीवर एकच पाटी, सिग्नल नाही. पोरगा खाली आला अन् लिंबाकडं बोट करून म्हणाला, "काका, लिंब आडवा यायलाय. तो काढल्याशिवाय काही खरं नाही."

मी मायकडं बघितलं. ती म्हणाली, "मला नको तुमचा टीव्ही." तरी मी ऐकलं नाही. चार दिवसांनी लिंब पाडला. पोराला परत बोलावलं. त्यानं डिश पुन्हा फिरवली. पाटी तीच, सिग्नल नाही.

मग दुसरा माणूस बोलावला, वयानं मोठा, हाताला सवय असलेला. त्यानं वायरचं टोक उघडलं. आत पाणी जाऊन तांबं हिरवं पडलेलं. टोक छाटलं, नवा कनेक्टर लावला, डिश बोटभर पूर्वेकडं सरकवली. पाच मिनिटांत सह्याद्री लागलं. जाताना अंगणातल्या ताज्या खुंटाकडं बघून त्यानं विचारलं, "हे का तोडलं?" मी म्हणलं, डिशला आडवं येत होतं. तो म्हणाला, "कसं येईल? सिग्नल तर याच्या वरून जातो."

त्या दिवसापासून हा विषय डोक्यातून गेला नाही. माझी पुतणी परभणीला शिकते, तिला घेऊन बसलो, कोन-अंतराचा सगळा हिशेब मांडला, गच्चीवर जाऊन ताडून बघितला. तो हिशेब आज तुमच्यासमोर ठेवतो. दहावी पास माणसाला समजला, म्हणजे तुम्हाला समजेलच.

पहिली गोष्ट, ही चूक होते कशी?

आपण अँटेनाच्या जमान्यातली माणसं. 1987 ला रामायण सुरू झालं, तेव्हा पत्र्यावर अँटेना अन् तिला लांब पाइप. एकजण वर पाइप फिरवणार, एकजण दारात उभा राहून ओरडणार, "आलं, आलं... गेलं!" ते सिग्नल जमिनीवरच्या टॉवरवरून आडवे यायचे. मधे टेकडी आली, झाडी आली की अडायचे. म्हणून अँटेना जितकी उंच तितकं चित्र चांगलं, हे डोक्यात पक्कं बसलं.

डिशचं तसं नाही. डिशचा सिग्नल आडवा येत नाही, आभाळातून खाली येतो. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-15. तो विषुववृत्ताच्या वर 36,000 किलोमीटरवर, 93.5 अंश पूर्व रेखांशावर, पृथ्वीच्या फिरण्याच्या वेगानंच फिरतो, म्हणून आपल्याला एका जागी उभा वाटतो. जवळा बाजारच्या गच्चीवर उभं राहिलं तर तो आग्नेयेला आहे. उत्तरेपासून उजवीकडं मोजलं तर साधारण 138 अंशांवर, अन् जमिनीपासून 60 अंश उंच.

60 अंश म्हणजे किती, हे नीट समजून घ्या. समोर बघणं म्हणजे शून्य, डोक्यावर सरळ बघणं म्हणजे 90. साठ अंश बघायचं तर मान चांगली मागं टाकावी लागते. टोपी पडायची वेळ येते. तिथं उपग्रह आहे. समोरच्या झाडाच्या बुंध्यात नाही.

आता डिशची गंमत ऐका. फसगत इथंच होते. आपल्या घरावरची छोटी डिश उपग्रहाकडं तोंड करून बसलेली दिसत नाही. ती मोठ्या वाटीचा कापलेला तुकडा असते अन् सिग्नल पकडणारं यंत्र, म्हणजे एलएनबी, मधोमध नसून खालच्या हातावर असतं. त्यामुळं डिशचं तोंड जिकडं दिसतं त्याच्यापेक्षा ती साधारण 25 अंश जास्त वर बघते. आपल्याकडं फ्री डिशचं तोंड 35 अंशांवर दिसतं, पण सिग्नल 60 अंशांतून येतो. डिशच्या मागं उभं राहून बंदुकीचा नेम धरल्यासारखं बघितलं तर समोरचं झाड मधे दिसणारच. त्या पोराला तेच दिसलं, अन् मी त्याच्यावर विश्वास ठेवला.

माझ्या लिंबाचा हिशेब मांडतो. लिंब 35 फूट उंच. डिश गच्चीवर, जमिनीपासून 12 फुटांवर. म्हणजे लिंब डिशपेक्षा 23 फूट वर. बुंधा डिशपासून 30 फुटांवर. 35 अंशांनी रेघ ओढली तर 30 फुटांवर ती डिशच्या वर 21 फुटांवर पोचते, म्हणजे लिंबाच्या शेंड्यात घुसते. पण खरा सिग्नल 60 अंशांवरचा. तो त्याच ठिकाणी डिशच्या वर 52 फुटांवरून जातो. लिंब 23, सिग्नल 52. अण्णांच्या लिंबावर अजून अर्धा लिंब ठेवला असता तरी सिग्नल अडला नसता. हे मला खुंट वाळल्यावर कळलं.

आता सोपा नियम. कागदावर लिहून भिंतीला लावा.

झाड डिशपेक्षा जितके फूट उंच, त्याला पावणेदोननं भागा. जो आकडा येईल तितके फूट अंतर डिश अन् झाडाच्या जवळच्या फांदीत पाहिजे. त्यात तीन-चार फूट वाढीसाठी जादा धरा. बस्स. झाड 35 फूट वर असेल तर 20 फूट, अन् वाढीचं धरून 24. आपल्या अंगणात, गोठ्यामागं, विहिरीवर इतकी जागा नाही असं कुणी म्हणू नका.

अन् हे फक्त आग्नेयेच्या झाडाला लागू. उत्तरेचं, पश्चिमेचं, ईशान्येचं झाड डिशला कधीच आडवं येत नाही, मग ते कितीही उंच असो. तरी लोक घराच्या चारी बाजूंची झाडं छाटून मोकळे होतात.

खासगी डिशवाल्यांचं थोडं वेगळं. टाटा प्लेचा उपग्रह 83 अंशांवर, तो आपल्याला जास्त दक्षिणेला अन् 66 अंश उंच. डिश टीव्ही 95 अंशांवर, म्हणजे फ्री डिशच्या जवळच. एअरटेलचा 108.2 वर, तो बराच पूर्वेला अन् 48 अंशांवरच. तिथं उंचीला भागू नका, उंचीइतकंच अंतर धरा. यातून एक उपाय आपोआप निघतो. एका कंपनीला आडवं येणारं झाड दुसरीला आडवं येईलच असं नाही. झाड बदलण्यापेक्षा कंपनी बदलणं स्वस्त.

डोंगराचंही ऐका. औंढ्याच्या बाजूला डोंगराच्या कुशीत घरं आहेत, तिथले लोक म्हणतात, आम्हाला डोंगर आडवा येतो. फ्री डिशला आडवा यायचा तर 100 फुटांचा सरळ कडा घरापासून 58 फुटांच्या आत पाहिजे. असं घर आपल्या भागात मी तरी बघितलं नाही. मोबाइलवरचे परदेशातले व्हिडिओ बघून लोक गोंधळतात. लंडनला तिथल्या डिशला 25 अंशांवर बघावं लागतं, उत्तरेकडं नॉर्वेत तर त्याहून खाली. तिथं शेजारच्याचं झाड खरंच नडतं. आपण विषुववृत्ताच्या जवळ, म्हणून उपग्रह आपल्या डोक्याकडं. हे आपल्याला फुकट मिळालेलं आहे, त्याचा फायदा घ्या.

आता खात्री कशी करायची? त्यासाठी कुठलंही यंत्र नको, सूर्य पुरे.

वर्षातून दोनदा सूर्य बरोबर उपग्रहाच्या जागेवर येतो. फ्री डिशसाठी आपल्या भागात 1 ऑक्टोबरच्या आसपास सकाळी अकराला पाच मिनिटं कमी असताना, अन् 12 मार्चच्या आसपास सव्वाअकराला. त्या वेळी डिशपाशी जा. सूर्याकडं बघू नका, सावलीकडं बघा. डिशवर ऊन असेल तर रस्ता मोकळा, झाड निर्दोष. डिशवर झाडाची सावली असेल तर झाड आडवं. मग तिथंच, त्याच वेळी, अंगणात ऊन कुठं पडलंय ते बघा अन् खूण करा. डिशची जागा ती. पाच मिनिटं इकडंतिकडं चालतं, दोन-तीन दिवस मागंपुढं चालतं. मी हे मार्चमध्ये करून बघितलंय. त्या दिवसांत त्या वेळी काही मिनिटं चित्रही जाऊ शकतं, कारण सूर्य उपग्रहाच्या मागं आलेला असतो. बिघाड समजून डिश हलवू नका.

1 ऑक्टोबर आता जवळच आहे. ज्याला झाडावर संशय आहे त्यानं तेवढे दिवस कुऱ्हाड ठेवून द्यावी. जन्मठेपेच्या आरोपीलाही कोर्ट तारीख देतं, झाडाला एक तारीख द्या.

झाडाचा दोष अन् वायरचा दोष ओळखायची अजून एक खूण. झाड आडवं असेल तर चित्र येऊन-जाऊन करतं. वारा सुटला की फुटतं, पाऊस पडून पानं ओली झाली की जातं, कारण पानातलं पाणी हा सिग्नल पिऊन टाकतं. लिंब शिमग्याच्या सुमाराला पानं झाडतो, तेव्हा चित्र स्वच्छ. पाडव्याला नवी पालवी येते अन् भरली की चित्र पुन्हा फुटतं. असं होत असेल तर झाडावर संशय घ्या. पण चित्र कधीच आलं नसेल, किंवा काल होतं अन् आज वारा-पाऊस नसताना कायमचं गेलं, तर झाडाला हात लावू नका. वायरची टोकं बघा, एलएनबीचं झाकण फुटलंय का बघा, त्यात गांधीलमाशीनं घर केलंय का बघा, वानरानं डिश हलवलीय का बघा. आमच्याकडं दहातली सात बिघाडं वानरांची असतात असं मी गमतीनं म्हणतो, पण वानर सापडत नाही म्हणून झाडाला फाशी देता येत नाही.

आता तुमचे मुद्दे. मला माहीत आहेत, कारण हेच मुद्दे तेव्हा मीही मांडले होते.

"डिश उंचावरच पाहिजे." नको. 36,000 किलोमीटरवरून येणाऱ्या सिग्नलला तुमच्या गच्चीच्या 12 फुटांनी काय फरक पडतो? आग्नेयेचं आभाळ मोकळं असेल तर डिश जमिनीवर खांब रोवून लावा, गोठ्याच्या भिंतीला लावा. जनावरं धक्का देतील म्हणून सहा-सात फुटांचा लोखंडी पाइप काँक्रीटमध्ये बसवा. पाइप मात्र ओळंब्यात सरळ पाहिजे, वाकडा असला तर डिश जुळत नाही.

"वायर लांब पडते." चांगली वायर 100 फुटांपर्यंत बिनधास्त चालते. मधे जोड देऊ नका, टोकांना पाणी लागू देऊ नका. वायरचा खर्च अन् झाड पाडायला कटर, दोन मजूर, ट्रॅक्टर यांचा खर्च शेजारी-शेजारी लिहून बघा. बसवणाऱ्या पोरांना घाई असते, दिवसात चार घरं करायची असतात. जागा शोधण्यापेक्षा झाडाकडं बोट दाखवणं त्यांना सोपं. त्यांचा अर्धा तास वाचतो, तुमची पन्नास वर्षं जातात.

"गावठाणात जागाच नाही." हा मुद्दा खरा आहे. घराला घर लागलेलं, आग्नेयेला मोठा वड किंवा पिंपळ, अशी घरं आहेत. तिथं शेजाऱ्याच्या गच्चीवर एक डिश लावा अन् दोन तोंडांचा एलएनबी बसवा. एका डिशवर दोन घरं चालतात. तेही जमलं नाही तर नेमकी आडवी येणारी एक फांदी छाटा, सावलीची परीक्षा करून. एका फांदीनं काम होत असताना बुंधा कापणाऱ्याला मी शेतकरी म्हणणार नाही.

"झाड माझं आहे, मी काहीही करीन." तेही अर्धंच खरं. महाराष्ट्रात 1964 चा वृक्षतोडीचा कायदा आहे. आंबा, चिंच, जांभूळ, मोह अशी झाडं त्याच्या यादीत आहेत. ती स्वतःच्या रानातली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. त्या वस्तीवरच्या चिंचेसाठी कुणी परवानगी काढली असेल असं मला वाटत नाही.

अन् कायदा सोडा, धंद्याचं बघा. लिंबाच्या 5 किलो निंबोळीत 100 लिटर पाण्याची फवारणी होते, पाच टक्के अर्काची. कापसावर, सोयाबीनवर आपण ती मारतो. लिंब तोडल्यापासून मी निंबोळी विकत आणतो किंवा दुसऱ्याच्या झाडाखाली वेचायला जातो. मेच्या उन्हात गोठ्यावर सावली नाही म्हणून शेडनेट बांधलं, ते दोनदा वाऱ्यानं फाटलं. फुकटच्या टीव्हीचा हा खरा दर.

कृषी सहायक, विद्यापीठातली मंडळी हे पान वाचतात, त्यांनाही दोन शब्द. या देशात उपग्रहावरून टीव्ही पहिल्यांदा खेड्यात आला तो 1975 साली, सहा राज्यांतल्या 2400 गावांत. त्यात शेतीचे कार्यक्रम होते. 10 फुटी जाळीच्या डिश होत्या. 2015 ला शेतकऱ्यासाठी वेगळं डीडी किसान निघालं. 2019 ला आपल्या राज्यानं 33 कोटी झाडं लावायचं ठरवलं. म्हणजे टीव्हीवर झाडं लावा म्हणून सांगणार, अन् तो टीव्ही दिसावा म्हणून आम्ही झाड तोडणार. तुम्ही शेतीशाळा घेता, बांधावर काय लावायचं ते सांगता. तिथं पाच मिनिटं हे पण सांगा, की डिशला झाड आडवं येतंय का हे कसं बघायचं. एक कोनमापक अन् दोऱ्याला बांधलेला खडा एवढ्यात हे शिकवता येतं. औंढ्याजवळ विश्वाच्या लहरी पकडणारी मोठी लायगो प्रयोगशाळा होणार आहे. तिच्या शेजारच्या गावांत उपग्रह कुठं आहे हे माहीत नाही म्हणून चिंच पडावी, हे आपल्या सगळ्यांना शोभत नाही.

माय आता नाही. शेवटची दोन वर्षं ती सह्याद्री बघायची, पण उन्हाळ्यात दुपारी टीव्ही बंद करून शेजारच्यांच्या लिंबाखाली जाऊन बसायची. मला कधी एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

खुंटाशेजारी मी नवा लिंब लावलाय. सहा वर्षांचा झाला, पत्र्याच्या वर गेलाय. डिश गच्चीवरून काढून विहिरीच्या मोटारघराजवळ रोवलीय, 70 फूट वायर लागली. चित्र स्वच्छ आहे.

ज्यांच्या घरी डिशचा अन् झाडाचा वाद चालू आहे, त्यांनी 1 ऑक्टोबरला अकराला दहा कमी असताना डिशपाशी जाऊन सावलीचा फोटो काढा अन् इथं टाका. आपण मिळून बघू. तोवर कटरवाल्याला थांबायला सांगा.